बाटली सोडवायची तर आधी भूक परत आणा

जूनमध्ये सोनूला वर्ष पूर्ण झालं आणि लसीला घेऊन गेले. डॉक्टरांनी सहज विचारलं, "दिवसभरात काय काय खातो?" माझं उत्तर दोन वाक्यांत संपलं. दोन घास वरणभात, अर्धं बिस्कीट, बाकी दूध. "दूध किती?" सहा बाटल्या, कधी सात. त्यांनी समोरच्या कागदावर २०० गुणिले ६ लिहिलं आणि कागद माझ्याकडे वळवला. १,२०० मिली.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. या वयात ते ११ च्या आसपास हवं. पोरगं दिसायला गुबगुबीत होतं, वजनही बरोबर होतं, म्हणून कोणालाच शंका आली नव्हती. पण खालची पापणी ओढून पाहिली की आत गुलाबीपणा नव्हता. आणि तो मागच्या खोलीतल्या ओल आलेल्या भिंतीचे पोपडे नखाने काढून तोंडात घालायचा, ते आम्ही खोडी म्हणून सोडून देत होतो. लोह कमी पडलं की लेकरं माती, चुना, कागद खातात, हे मला त्या दिवशी कळलं.

गाईम्हशीच्या दुधात लोह अगदी थोडं असतं, आणि त्यातलं कॅल्शियम नि प्रथिन दुसऱ्या अन्नातलं लोहही अंगी लागू देत नाही. वर पोट भरलेलं. मी वर्षभर समजत होते की सोनू खात नाही म्हणून दूध द्यावं लागतं. तो खात नव्हता, कारण दूध होतं.

हे सगळं लिहायला बसले कारण पाळणाघरात, सोसायटीत, ऑफिसात बाटली कशी सोडवायची हाच प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं, आणि बहुतेक जणी सुरुवात बाटली लपवण्यापासून करतात. बाटली लपवून पोरगं फक्त रडतं. त्याला भूक लागली पाहिजे, आणि त्या भुकेला हाताशी अन्न पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगते. पुढचं सगळं वर्षाच्या वरच्या मुलांसाठी आहे. वर्षाच्या आत आईचं किंवा डब्याचं दूध हेच मुख्य अन्न असतं, ते कापायचं नाही. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न त्याच्या जोडीला येतं. त्या वयात करायचं ते एवढंच, की उष्टावण झालं की प्रत्येक जेवणासोबत दोन घोट पाणी गिलासातून द्यायला लागायचं. मी तेव्हा ते केलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते. अंगावर पिणाऱ्या बाळाचं अंगावरचं दूधही बाटलीच्या यादीत धरू नका. ते दोन वर्षं आणि पुढेही चालू राहू शकतं. बाटली मात्र बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सुटायला हवी, असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं.

मुहूर्त कोणता, हेही महत्त्वाचं आहे. नागपुरात एप्रिल-मे-जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हे काम काढू नका. पारा ४५ पर्यंत चढतो, लेकरू आधीच सुकतं, त्यात पिणं कमी झालं तर सलाईनवर जायची वेळ. नवीन पाळणाघर, घर बदलणं, दाढा येणं, घरात दुसरं बाळ, यातलं काही चालू असेल तर पंधरा दिवस थांबा. आम्ही जुलैचा दुसरा आठवडा धरला. माझे मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत, तिथे पाळ्या असतात. रात्रीचं काम त्यांच्याकडे सोपवायचं ठरलं होतं, म्हणून त्यांची पहिली पाळी सलग कोणत्या आठवड्यांत आहे ते बघून सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यात एकही बाटली कमी केली नाही. फक्त गिलास आणला. आणि इथे मला थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण बाजारात या नावाखाली जे मिळतं त्यातलं निम्मं बाटलीच आहे. सीताबर्डीच्या बाजारात मला झाकणाचा, दोन कानांचा, न सांडणारा कप दाखवला. घरी आणून मी स्वतः त्यातून पाणी ओढून पाहिलं. आत रबराची चकती होती, ओढल्याशिवाय थेंब येत नव्हता. म्हणजे तोंडाचं काम तेच, चोखण्याचं. मग इतवारीत जाऊन स्टीलचे दोन बुटके गिलास घेतले, जेमतेम शंभर मिलीचे, काठ वळवलेला. पोराच्या ओठाला वळलेला काठ बरा वाटतो, धारदार काठ टोचतो. मधून बाहेरगावी जाताना नळीचा साधा कप चालतो, त्यातून ओढलं तरी जीभ-ओठ वेगळं काम करतात.

सासूबाई हिंगणघाटच्या. त्यांनी ट्रंकेतून चांदीचं बोंडलं काढून आणलं. "तुह्या नवऱ्याच्या तोंडाले कधी बाटली लावली नाई मी. ह्याच्यानंच पाजलं." चिमणीच्या चोचीसारखी नळी, त्यातून थेंब थेंब. वर्षाच्या पोराला बोंडल्याची गरज उरत नाही, पण ते पाहून मला धीर आला की बाटलीशिवाय लेकरं वाढतात, याच घरात वाढली.

गिलास तोंडाला लावायची रीत अशी. लेकरू ताठ बसलेलं हवं, मांडीवर तिरकं नाही. गिलास जवळजवळ भरून घ्या. कमी भरला तर फार तिरका करावा लागतो आणि मग एकदम लोंढा येतो, नाकातोंडात जातं. काठ खालच्या ओठावर नुसता टेकवा आणि थांबा. ओतू नका. वरचा ओठ खाली येऊन दुधाला लागला पाहिजे. तो आला की घोट त्याचा त्याला घेता येतो. पहिले चार दिवस मी पाण्याऐवजी पातळ घुसळलेलं ताक घेतलं, मीठ न घालता. पाणी पटकन पळतं, ताक किंचित दाट असतं, तोंडात आवरायला वेळ मिळतो. ठसका लागला की गिलास खाली, दोन मिनिटं गप्पा, मग परत. आंघोळीच्या टबात रिकामा गिलास खेळायला दिला. चौथ्या दिवशी त्याने टबातलं पाणी स्वतः उचलून तोंडाला लावलं. मी घाईघाईने हिसकलं, आणि लगेच स्वयंपाकघरातून प्यायचं पाणी आणून त्याच गिलासात दिलं. त्याने दोन्ही हातांनी धरून प्यालं, निम्मं छातीवर सांडलं. सांडू द्या. आमच्याकडे त्या महिन्यात रोज सहा लाळेरी धुतली जात होती.

दुसऱ्या आठवड्यापासून बाटल्या कापायला घेतल्या. क्रम असा ठेवला: आधी दुपारी बाराची, मग चारची, मग संध्याकाळी सातची, मग सकाळची, आणि झोपतानाची सगळ्यात शेवटी. प्रत्येकीला चार-पाच दिवस. दुपारची आधी, कारण त्या वेळी लेकरू खेळात असतं, बाटलीवर जीव सगळ्यात कमी असतो. आणि बाटली गेली की त्या जागी जेवण आलंच पाहिजे, तेही बाटलीच्या वेळेच्या अर्धा तास आधी. भूक लागून रडायला लागल्यावर ताट वाढायला गेलात तर ते बाटलीच मागणार, कारण रडल्यावर बाटली येते एवढंच त्याला ठाऊक असतं.

पहिल्या दिवशी साडेअकराला खिचडी ठेवली. त्याने तीन घास खाल्ले आणि तोंड फिरवलं. बारा वाजता बाटली नाही. साडेबाराला रडला, पाणी दिलं, भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं, गॅलरीत नेलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "अवं, लेकराले दूध नाई देशीन त थो राहीन काय?" त्यांचा जीव तुटत होता, माझाही. दोन वाजता तीच खिचडी पुन्हा वाढली, गरम करून, वर तूप. अर्धी वाटी संपली. सोनूने तोवर एका वेळी अर्धी वाटी कधीच खाल्ली नव्हती.

किती खायला पाहिजे, हा पुढचा प्रश्न. वर्ष ते दोन वर्षांच्या मुलाला २५० मिलीची वाटी धरली तर पाऊण ते एक वाटी, दिवसातून तीन-चार वेळा, आणि मधे एक-दोनदा फळ किंवा काही हलकं. हे टप्प्याटप्प्याने गाठायचं. काय आणि केव्हा वाढायचं ते आपण ठरवायचं; किती खायचं ते त्याने. तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली की घास खाली. नाक दाबून, मोबाइल दाखवून कोंबलेला घास पोटात जातो खरा, पण पुढच्या जेवणाला ताट दिसताच पोरगं रडायला लागतं. आमच्या पाळणाघरातल्या काकूंना हे समजवायला मला दोनदा सुटी काढून जावं लागलं. त्यांच्याकडे आठ मुलं, बाटली दिली की पाळण्यात शांत. मी त्यांना दोष देत नाही. पण दिवसा त्या बाटली देत राहिल्या असत्या तर घरी केलेलं सगळं वाया गेलं असतं. शेवटी मी डब्यासोबत दोन स्टीलचे गिलास आणि आठवड्याच्या वेळांचा कागद दिला, आणि तो त्यांनी मनापासून पाळला.

आता अन्नाबद्दल. मी आधी केलेली सगळ्यात मोठी चूक सांगते. सोनू आठ महिन्यांचा असताना नाचणीचं सत्त्व बाटलीत घालून देत होते. दाट होतं म्हणून निपलचं छिद्र सुई तापवून मोठं केलं होतं. भाज्या मिक्सरमधून काढत होते, एकही गुठळी राहू नये म्हणून वरून गाळण. त्यामुळे वर्षाचा होईपर्यंत त्याच्या जिभेला कण माहीतच नव्हता. भाताचं शीत लागलं की ओकारी काढायचा. आठ-नऊ महिन्यांपासून लेकराला कण, गुठळ्या, हाताने धरून चावायचे तुकडे मिळाले पाहिजेत. दात नसले तरी हिरड्या मऊ अन्न चिरडतात.

म्हणून मिक्सर कपाटात ठेवला. सगळं हाताने आणि रवीने. आमच्याकडे जी गोष्ट खरी कामी आली ती ज्वारीची भाकर. तव्यावरून उतरलेली गरम भाकर घ्यायची, वरचा कडक पापुद्रा काढून टाकायचा, आतला मऊ भाग बोटांनी कुस्करायचा. त्यावर तुरीचं घट्ट वरण, हळद-हिंगाचं, भाकर बुडेल एवढं. झाकण ठेवून दहा मिनिटं विसरून जायचं. मग चमच्याने दाबून पाहायचं. कुठे कडक कपचा लागला तर काढायचा. वर लहान चमचा तूप आणि दोन थेंब लिंबू. लिंबू चवीला नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वाने डाळीतलं लोह अंगी लागतं. पहिल्या आठवड्यात कण तांदळाएवढे, पुढे तुरीच्या दाण्याएवढे. तुकडा मऊ आहे की नाही ते अंगठा आणि बोटात दाबून बघायचं. सहज चिरडला तर त्याच्या हिरड्यांनाही चिरडेल.

मग बाकीचं येत गेलं. उकळपेंडी (कणकेचा उपमा), मिरचीशिवाय, जरा सैल. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून. कोहळ्याच्या (लाल भोपळ्याच्या) वाफवलेल्या फोडी, बोटाएवढ्या, त्या तो स्वतः धरायचा. पालक घातलेलं मुगाचं वरण. उकडलेलं अंडं, आधी पिवळं, मग सगळं. मांसाहारी घरात मऊ शिजवलेली कलेजी थोडी दिली तर लोहासाठी फार चांगली. मीठ वर्षभर नव्हतंच, नंतरही चिमूटभर. शेंगदाणे, फुटाणे, मुरमुरे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर हे घशात अडकणारं. चार वर्षांपर्यंत अख्खं देऊ नका, कूट करा किंवा शिजवा. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटवायलाही नाही.

डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले होते, वजनावर मोजून. ते दुधासोबत द्यायचे नाहीत, दोन खाण्यांच्या मधे द्यायचे. थेंब गालाच्या आत मागच्या बाजूला सोडावे, दातांवर काळे डाग पडत नाहीत. शी काळपट होते, घाबरू नका. आशाताईंकडून सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं पातळ औषध मिळतं. ते सगळ्यांसाठी, कमतरता होऊ नये म्हणून. ज्याला कमतरता आहे त्याचा डोस वेगळा असतो, म्हणून दोन्ही एकत्र चालू करण्याआधी विचारा.

दुधाचा आकडा महिनाभरात १,२०० वरून ४०० वर आला, आणि तेही गिलासातून, बसून, जेवणानंतर. दही-ताक त्यातच धरायचं. ४०० ते ५०० च्या वर जायचं नाही, हे मी फ्रिजवर लिहून चिकटवलं होतं, कारण घरात येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "दूध नको म्हणू नका बापा, लेकरू आहे."

झोपतानाची बाटली. ही खरी अवघड. दूध तोंडात घेऊन झोपलं की ते वरच्या पुढच्या दातांशी रात्रभर साचतं, दात किडतात. आडवं पडून पिण्याने कानाचं दुखणंही येतं. सोनूच्या वरच्या दोन दातांच्या मुळाशी खडूसारखी पांढरी रेघ दिसायला लागली होती. दंतवैद्य म्हणाले, किडीची सुरुवात आहे, अजून थांबवता येईल.

आम्ही बाटली बंद केली नाही, पातळ केली. दोन रात्री १५० दूध ५० पाणी, पुढच्या दोन १००-१००, मग ५०-१५०, मग नुसतं पाणी. हा उपाय फक्त वर्षावरच्या, पोटभर जेवायला लागलेल्या मुलासाठी. लहान बाळाच्या डब्याच्या दुधात जास्तीचं पाणी कधीही घालू नका. त्याच्या जोडीला रात्रीचा क्रम बदलला. आठला जेवण, साडेआठला गिलासात दूध, मग ओल्या ब्रशने दात, मग दिवा मंद. पूर्वी दूध हेच झोपेचं औषध होतं, त्याच्या जागी बाबांनी पाठ थोपटणं आलं. मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत झोपले. मी जवळ असले की त्याला दूध आठवायचं. नुसत्या पाण्याच्या पहिल्या रात्री तो पन्नास मिनिटं रडला. दुसऱ्या रात्री अर्धा तास. तिसऱ्या रात्री बाटली तोंडाला लावली, दोन घोट घेतले, फेकून दिली आणि बाबांच्या दंडावर तोंड घासत झोपला. मी भिंतीच्या पलीकडे जागी होते.

मधे ताप आला. ऑगस्टमध्ये घराघरात होताच. चार दिवस त्याने ताट पाहिलं नाही आणि आम्ही रात्रीची एक बाटली परत दिली. मला त्याचं वाईट वाटत नाही. आजारी लेकराच्या पोटात पातळ जाणं आधी. बरा झाल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा बंद केली, तेव्हा एकच रात्र त्रास झाला. ज्यांना जमेल त्यांनी मात्र आजारपणातही चमच्याने, गिलासाने पाजावं. पावसाळ्यात बऱ्याचदा बाटलीच जुलाबाचं मूळ असते. निपलच्या आतल्या घडीत दुधाचा थर राहतो, उकळूनही नीट निघत नाही. मी एकदा निपल उलटं करून नखाने खरवडलं तेव्हा पिवळट साय निघाली.

डॉक्टरांकडे लगेच जायचं ते कधी: सहा ते आठ तास शू झाली नाही, तोंड कोरडं पडलं, पोरगं मलूल झालं, वजन उतरलं, किंवा प्रत्येक घोटाला ठसका लागतो आणि कणांचं काहीच घशाखाली जात नाही. शेवटच्या गोष्टीत हट्ट समजून वाट पाहू नका; गिळण्याची अडचण असू शकते आणि त्यावर शिकवणारे तज्ज्ञ असतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सोनू पावणेपंधरा महिन्यांचा होता. सकाळी मारबतीची, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते तेव्हा सासूबाईंनी ओट्यावरच्या चारही बाटल्या पिशवीत भरल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत." पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेली. घरात एकही बाटली ठेवायची नाही, हे माझंही मत आहे; एक राहिली की आडव्या वेळी हात तिकडेच जातो. संध्याकाळी लाकडी बैलाची दोरी ओढून दमल्यावर त्याने स्वतः गिलासाकडे हात केला.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा रक्त तपासलं, ११.२. थेंब अजून दोन महिने चालू ठेवायला सांगितले, साठा भरायला वेळ लागतो म्हणून. तेव्हा आंबिया बहाराची संत्री आली होती. फोडीची पातळ साल सोलून, बिया काढून, दोन तुकडे करून त्याच्या ताटात ठेवते. भिंतीचे पोपडे त्याने ऑक्टोबरपासून उकरले नाहीत.